आश्रयदाते आणि आपण मिंधे

मागच्या अंकाच्या शेवटच्या पानावर वर्गणीची चौकट छापलीय. वार्षिक, पाच वर्षांची, आजीव. प्रत्येकापुढं आकडा. आणि सगळ्यात खाली जाड टाइपात 'आश्रयदाते'. त्यांच्यापुढं आकडा नाही. नुसतं म्हटलंय, संपादकांना भेटावे.

दोस्तहो, माझं भांडण ह्या चौकटीशी आहे. अंकाशी नाही. अंक निघाला पाहिजे, कागद महाग झालाय, छापखानेवाला उधारी ठेवत नाही, हे मला कळतं. दोन अंकांचे गठ्ठे मीच छापखान्यातून डोक्यावरून आणलेत. पण ज्या अंकात आपण प्रस्थापितांच्या नावानं शिमगा करतो त्याच अंकाच्या पाठीवर आश्रयदाते पाहिजेत अशी पाटी लावायची, म्हणजे घरावर निळा झेंडा आणि ओट्यावर बसून पाटलाची वाट बघणं.

आकडा नाही तिथं मला भीती वाटते. गोदीतल्या माणसाला आकडा कळतो. पोलादाची कॉइल किती टनाची ते तिच्यावर लिहिलेलं असतं. स्लिंग किती टन पेलते तेही लिहिलेलं असतं. दोन्ही आकडे बघितल्याशिवाय शहाणा माणूस हूक लावत नाही. ज्या ओझ्यावर आकडा नाही ते ओझं माणूस मारतं. उपकार हे तसलं ओझं आहे. उसन्याला आकडा असतो, तो फेडला की तू मोकळा. उपकार फेडायला गेलास तर तो माणूस हसून म्हणतो, अरे असू दे रे. तिथंच तू मेलास. त्या 'असू दे'चं व्याज जन्मभर चालतं.

मी दहावी पास. आजोबा त्याला शेवटपर्यंत मॅट्रिक म्हणायचे आणि वस्तीभर सांगत फिरायचे. तेव्हा शब्दांच्या बाबतीत मी पंडित नाही. पण शब्द अंगावर पडला की त्याचं वजन कळतं. 'आश्रय' हा संस्कृत शब्द. त्याच्या पोटात 'श्रि' हा धातू आहे, अर्थ टेकणं, रेलणं. म्हणजे आश्रय घेणारा हा टेकलेला माणूस. भिंत सरकली की पडणारा. इंग्रजीत ह्याला पेट्रनेज म्हणतात. त्याच्या मुळाशी लॅटिन 'पातेर', म्हणजे बाप. पेट्रन म्हणजे बापाच्या जागेवर बसलेला माणूस. आपल्याकडं 'मायबाप' म्हणतात. साहेबाच्या भाषेनं नुसता बाप दिला, आपण आईसुद्धा त्यालाच देऊन टाकली!

फोर्टच्या फूटपाथवर रोमच्या इतिहासाचं एक फाटकं पुस्तक मिळालं होतं. रोममध्ये मालकानं गुलामाला मोकळं केलं की तो माणूस मोकळा व्हायचा नाही. कालचा मालक आज त्याचा पेट्रन व्हायचा. त्या सुटलेल्या माणसानं मालकाचं नाव लावायचं, त्याच्याशी अदबीनं वागायचं, ठरलेले दिवस त्याचं काम करून द्यायचं. आणि असल्या पेट्रनांच्या दारात सकाळी आश्रितांची रांग लागायची, चांगले कपडे घालून मुजरा करायला. मुजरा झाला की टोपलीतून खाणं मिळायचं, पुढं पुढं खाण्याऐवजी रोख पैसे. टोपलीसाठी लॅटिनमध्ये शब्द आहे 'स्पोर्तुला'. दोन हजार वर्षांपूर्वीचा समुद्रापलीकडचा तो शब्द वाचला आणि मला आमच्या पणजीची टोपली दिसली. तिच्यात संध्याकाळी गावभर फिरून गोळा केलेल्या भाकरी. ताज्या, शिळ्या, कोरड्या. वर एखादं कोरड्यास कुणाच्या मनात आलं तर.

फरक एवढाच की रोमचा सुटलेला गुलाम दारापर्यंत जात होता. आम्हाला दारही नव्हतं. लांबूनच जोहार.

आता इंग्रजीत आणखी एक गंमत आहे. तिथं दुकानदार गिऱ्हाइकालाच पेट्रन म्हणतो. जुन्या हॉटेलांतून पाटी दिसायची, तुमच्या पेट्रनेजबद्दल आभारी आहोत. चहाचे पैसे देणारा पण आश्रयदाता! आपल्या नाटकवाल्यांची तीच तऱ्हा. तिकीट काढून खुर्चीत बसलेला माणूस 'मायबाप रसिक'. मला वाटतं हा शब्दाचा चांगला शेवट आहे. आकडा आला, तिकीट आलं, मग मायबाप नुसता बोलण्यापुरता उरला. लंडनच्या जॉन्सननं १७५५ साली मोठा इंग्रजी कोश काढला. त्याआधी एका लॉर्डाच्या दारात तो आश्रयासाठी ताटकळला होता. कोश पुरा होतोय म्हटल्यावर लॉर्डसाहेब कौतुक करायला पुढं आले. जॉन्सननं पत्र लिहून त्याला सुनावलं, की बुडणाऱ्याकडं काठावरून बघत बसायचं आणि तो स्वतःच्या हातपायांनी काठाला लागला की मदतीला धावायचं, ह्यालाच पेट्रन म्हणायचं का? आणि कोशातसुद्धा त्या शब्दाचा अर्थ देताना उद्धटपणा आणि खुशामत ह्यांचा सौदा कसा असतो ते लिहून ठेवलं. शब्दकोशात असा सूड घेता येतो हे मला माहीत नव्हतं. मी तो अर्थ वाचून गोदीच्या कँटीनमध्ये एकटाच हसत बसलो.

मराठीत मात्र ह्या व्यवहाराला खरा शब्द एकच आहे आणि तो घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. मिंधा. हल्ली राजकारणात हा शब्द शिवीसारखा उडवतात, म्हणून त्याची धार बोथट होतेय. पण मिंधा म्हणजे नेमकं काय? विकत घेतलेला नाही. विकल्याला किंमत तरी मिळते. गुलाम नाही. गुलामाच्या पायात साखळी दिसते. मिंधा म्हणजे ज्याची मान कुणी धरलेली नाही आणि तरी वर उठत नाही. आणि वर 'खाल्ल्या मिठाला जागणं' हा सद्गुण म्हणून शाळेत शिकवतात. मीठ कुणाचं? गोदीत मिठाच्या गोणी उचललेल्या माणसाला विचारा मीठ कुणाचं असतं.

आजोबा सातारा जिल्ह्यातले. घरात महारकीचं वतन. लोकांना वाटतं वतन म्हणजे मोठी गोष्ट, जमीन, मान. आमचं वतन म्हणजे सरकारची आणि गावाची हरकामी. सांगावा पोचवा, सारा भरायला लोकांना बोलावून आणा, साहेबाच्या घोड्यापुढं पळा, मेलेलं ढोर ओढा. वेळ काळ नाही. बाप घरी नसला तर पोरगा हजर पाहिजे. बदल्यात तुकडाभर जमीन आणि बलुतं. आणि बलुतं देणारा म्हणतो, मी तुला पोसतो. कामाचा मोबदला म्हणून दिलं तर मजुरी झाली असती. 'पोसतो' म्हटलं की काम फुकट आणि भाकरी उपकार. हीच सगळी कारागिरी. मजुरीचं रूपांतर मेहेरबानीत करायचं.

बाबासाहेबांनी ती कारागिरी पकडली. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करायचं विधेयक त्यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडलं. ते मंजूर झालं नाही. आपल्यातल्याच काही लोकांना वतन सोडवत नव्हतं हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर आपण आपल्याच आरत्या करत बसू. तुकड्याला माणूस चिकटतो. वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. आजोबांनी वाट बघितली नाही. ते त्याआधीच टोपली टाकून मुंबईला आले.

आणि हे 'पोसणं' नुसतं आपल्याच वाट्याला आलं असं समजू नका. जे लोक सवलतींच्या नावानं नाक मुरडतात, मेरिट मेरिट म्हणून बोंबलतात, त्यांच्या मेरिटाचा पाया कुठला? पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्याच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. राज्य गेलं, इंग्रज आले. इंग्रजांनी दक्षिणा बंद केली नाही, छाटली आणि वळवली. त्या दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचंच पुढं पूना कॉलेज झालं आणि त्याचं डेक्कन कॉलेज. मग दक्षिणेच्याच पैशातून मराठी पुस्तकांना बक्षिसं देणारी कमिटी आली. १८५५ साली जोतिरावांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहून ह्या कमिटीकडं पाठवलं. कमिटीतल्या भटांपुढं काही चाललं नाही आणि नाटक नापसंत झालं, असं जोतिरावांनीच लिहून ठेवलंय. शे-सव्वाशे वर्षं ते नाटक बाडात पडून राहिलं.

म्हणजे बघा, एका बाजूला खिरापत, तिला नाव विद्येचा गौरव. दुसऱ्या बाजूला मजुरी, तिला नाव पोसणं. आपल्याला मिळालं की भीक, त्यांना मिळालं की राजाश्रय. शब्दाला जात असते ती ही.

इथं एखादा चिडून विचारील, मग सयाजीराव? शाहू महाराज? बाबासाहेब आश्रयावरच शिकले ना? हा प्रश्न टाळून चालणार नाही. मी ह्याच्यावर पुष्कळ रात्री काढल्यात.

सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं. बदल्यात करार होता, परत येऊन बडोद्यात दहा वर्षं नोकरी. म्हणजे तिथं निदान आकडा होता. १९१७ साली बाबासाहेब नोकरीला हजर झाले. कोलंबियात शिकून आलेला माणूस. आणि बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहिले, काही दिवसांनी काठ्या घेतलेली टोळी दारात आली आणि बाहेर काढलं. गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून होते. हे त्यांनी स्वतः लिहिलंय. महाराजाचा आश्रय कचेरीपर्यंत पोचला, खोलीच्या दारापर्यंत पोचला नाही. महाराज चांगला होता, हे मी नाकारत नाही. चांगल्या महाराजाचा हात केवढा, एवढंच विचारतो. त्यानंतर लंडनचं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब गेले ते कॉलेजात शिकवून स्वतः साठवलेल्या पैशावर, नवल भथेना ह्या मित्राकडून उसनं घेऊन, आणि शाहू महाराजांची मदत घेऊन.

शाहू महाराजांची गोष्ट मला वेगळी वाटते. त्यांनी मदत पुष्कळ केली, 'मूकनायक'ला पैसे दिले. पण त्यांचं मोठेपण त्या पैशात नाही. २६ जुलै १९०२ ला त्यांनी हुकूम काढला की कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास मागासलेल्यांना. हा हुकूम म्हणजे मेहेरबानी नाही. मेहेरबानी माणूस बघून होते. तू चांगला, तू गरीब, तू माझ्या पाया पडलास, घे. हुकुमात माणसाचं नाव नाही, आकडा आहे. पन्नास. ज्याला महाराज ओळखत नाहीत, ज्याला महाराज आवडत नाहीत, त्यालासुद्धा. मग १९२० साली माणगावच्या परिषदेत त्यांनी लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. आश्रयदाता असं बोलत नाही. आश्रयदात्याला तू कायम टेकलेला पाहिजे असतोस. जो भिंत असूनही म्हणतो आता सरळ उभा राहा, मी सरकतो, त्याला दुसरा शब्द शोधला पाहिजे. मला अजून सापडलेला नाही.

उलटा नमुना पाहिजे असेल तर हरिजन सेवक संघ घ्या. १९३२ साली निघाला. आपल्यासाठी. त्याच्या कारभारात आपली माणसं का नाहीत असं विचारल्यावर उत्तर मिळालं की हे सवर्णांनी करायचं प्रायश्चित्त आहे, पैसा त्यांचा आहे, तेव्हा चालवणार तेच. बाबासाहेबांनी १९४५ च्या पुस्तकात ह्याची चिरफाड केलीय. पाप त्यांचं, प्रायश्चित्त त्यांचं, पैसा त्यांचा, कमिटी त्यांची. आपण फक्त ते प्रायश्चित्त ज्याच्या अंगावर ओततात ते भांडं.

तर आजोबा. त्यांचा बाप आधी मुंबईत येऊन टोळीवाल्याच्या हाताखाली राबून गेला होता. टोळीवाल्याची मर्जी असली तर काम, नसली तर गेटावर उभा. काम मिळालं की त्यातला वाटा त्याला. आजोबांच्या वेळी हे फिरलं. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला, त्यानंतर मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं. आजोबांना यथावकाश कार्ड मिळालं. कार्ड असलेल्याला पाळीनं काम. काम नसलं तरी हजेरीचे पैसे. आजोबा ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बुद्धाच्या फोटोशेजारी ठेवायचे. आजी म्हणायची, त्याला काय हार घालताय का? आजोबा म्हणायचे, ह्या कार्डावर कुणाची मेहेरबानी लिहिलेली नाही, नंबर लिहिलाय. लहानपणी मला वाटायचं म्हातारा कार्डाला का पुजतो. आता कळतं. वतन सोडून आलेल्या माणसाला पहिल्यांदा नाव न विचारता नंबरनं काम मिळालं होतं.

पुढं १९८९ साली न्हावा शेवाचं बंदर चालू झालं, डबे तिकडं गेले. १९९४ साली बोर्ड पोर्ट ट्रस्टात विलीन झालं. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक बुजवले. २०२१ च्या कायद्यानं पोर्ट ट्रस्टची अथॉरिटी झाली. आजोबांचा नातू गोदीत आहे, पण कंत्राटाचा. माझा गेटपास कंत्राटदाराच्या नावावर. कंत्राटदाराला मी बघितलेला नाही, मला दिसतो तो मुकादम. मुकादम माझ्या मामाच्या ओळखीचा, म्हणून मी आत. म्हणजे तुम्हाला आश्रयावर व्याख्यान देणारा हा माणूस स्वतः वशिल्यानं लागलाय. लपवत नाही. मामानं मुकादमाला सांगितलं, पोरगं आपलं आहे, ठेवून घ्या. पणजोबा जिथं उभे होते तिथंच मी उभा आहे, फक्त टोळीवाल्याच्या हातात आता मोबाइल आहे.

गेल्या साली आईला पित्ताशयातल्या खड्यांचा त्रास झाला. ऑपरेशन सांगितलं. सरकारी दवाखान्यात तारीख लांबची. धर्मादाय म्हणवणाऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो तर काउंटरवरची बाई म्हणाली, डिपॉझिट भरा. रक्कम ऐकून मी आईला परत खाली बाकावर बसवलं. वस्तीतल्या पोरांनी सांगितलं, भाऊंची चिठ्ठी आण. भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डातले पुढारी. आपल्यातलेच. चौदा एप्रिलला कमानीवर सगळ्यात मोठा फोटो त्यांचा, बाबासाहेबांचा त्यांच्या मागं. मी गेलो. ऑफिसात सकाळची रांग. धुतलेला शर्ट घालून उभा राहिलो. (रोमचं पुस्तक तेव्हा वाचलेलं नव्हतं.) भाऊंनी नाव विचारलं नाही, आजोबांचं विचारलं, म्हणाले, अरे आपलाच पोरगा. चिठ्ठी दिली. हॉस्पिटलात तीच काउंटरवरची बाई, तोच संगणक. चिठ्ठी बघितली आणि खाट निघाली. आईचं ऑपरेशन झालं, आई आज ठणठणीत आहे. मी भाऊंच्या पाया पडलो. खरोखर पडलो. वाकताना मला काही वाटलं नाही, हे जास्त लिहिण्यासारखं आहे.

नंतर कळलं ते असं. ह्या राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे, त्यात कलम ४१ कक आहे. त्याखाली मुंबई हायकोर्टानं मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे. धर्मादाय हॉस्पिटलांनी शंभरातल्या दहा खाटा निर्धनांसाठी फुकट आणि दहा दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या. त्यासाठी बिलांच्या रकमेतून दोन टक्के वेगळे काढायचे. रेशनकार्ड नाहीतर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला दाखवायचा. चिठ्ठी कुठंच लिहिलेली नाही. म्हणजे ती खाट आईचीच होती. काउंटरवरच्या बाईनं ती लपवली आणि भाऊंनी ती आम्हाला 'दिली'. माझीच वस्तू मला उपकार म्हणून मिळाली आणि मी पाया पडलो. आजोबांच्या बलुत्याची कारागिरी ती हीच, नवीन रंग देऊन.

दोघं मिळालेले होते असं मी म्हणत नाही. मिळायची गरजच नाही. हक्क लपवलेला असला की वशिला आपोआप पिकतो. उद्या प्रत्येक हॉस्पिटलच्या दारावर रिकाम्या खाटांचा आकडा मोठ्या अक्षरात लागला तर भाऊंच्या ऑफिसातली अर्धी रांग मोडेल. म्हणून हा आकडा लावा अशी मागणी भाऊ कधी करणार नाहीत. ते चांगले आहेत की वाईट हा प्रश्नच नाही. ते रात्री दोनला फोन उचलतात, मयताला येतात, हे खरं आहे. रांग हेच त्यांचं भांडवल आहे.

आणि मग व्हायचं ते झालं. माझ्या कवितांची चोपडी काढायची होती, दोन फर्म्यांची. पोरांनी भाऊंच्या कानावर घातलं. भाऊंनी बोलावलं, म्हणाले, सगळा खर्च माझा. आपल्या पोरानं पुस्तक काढलं पाहिजे. फक्त आतल्या पानावर फोटो, खाली 'आधारस्तंभ'. आणि ती झोपड्या पाडण्याची कविता आहे ना, बुलडोझरची, ती ह्या वेळी राहू दे. बिल्डरशी बोलणी चाललीत, वस्तीचंच भलं आहे. आवाज चढवला नाही. चहा पाजला. मी 'बघतो भाऊ' म्हणालो आणि खाली आलो.

मी तिथल्या तिथं नकार दिला असं लिहिलं असतं तर तुम्हाला आवडलं असतं. तीन दिवस मी नकार दिला नाही. ती कविता काढून बघितली. चोपडी वाईट दिसत नव्हती, हेच साल्याचं दुःख. एक कविता गेली म्हणून कुणाला कळणार होतं? आईची खाट डोळ्यापुढं यायची. शेवटी आईलाच विचारलं. ती म्हणाली, माझ्या पोटातलं त्यांनी काढलं, आता तुझ्या पोटातलं काढतायत? मग जाऊन सांगितलं, भाऊ, खर्च नको. भाऊ म्हणाले, असू दे रे. त्यानंतर आमच्या गल्लीतला बंद पडलेला नळ अजून बंद आहे. मी त्याचा आणि ह्याचा संबंध लावत नाही. गल्लीतले लोक लावतात, आणि मला बोलतात.

चोपडी निघाली ती झेरॉक्सवर. गँगमधल्या लोकांनी पन्नास-पन्नास रुपये घातले. शेवटच्या पानावर सगळ्यांची नावं आणि पुढं रक्कम छापणार होतो. दोघं म्हणाले, आमचं नाव नको, मुकादमानं बघितलं तर पाळी कापेल. त्यांच्या नावाच्या जागी नुसते पन्नास छापलेत.

म्हणून संपादकांना माझी मागणी साधी आहे. 'आश्रयदाते' हा शब्द चौकटीतून काढा. ज्याला जास्त द्यायचं आहे त्यानं द्यावं, पण त्याच्यापुढं आकडा छापा आणि सगळ्यांना एकच अंक पाठवा. जमा किती, खर्च किती, दर अंकात छापा. जो म्हणेल माझं नाव मोठं छापा, त्याचे पैसे परत करा. जो म्हणेल माझं नाव छापूच नका, त्याला आधी विचारा का. संपादकीय बैठकीत कुणी म्हणाला की अमक्याविरुद्ध आत्ता नको, त्यानं मदत केलीय, तर त्याच दिवशी त्या मदतीचा आकडा काढून फेडून टाका, गरज पडली तर एक अंक बुडवा.

आता शेवटचं, हे सांगायला लाज वाटते. ४१ कक कळल्यापासून मी वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देतो. सेकंड पाळी सुटली की रात्री बारानंतरसुद्धा लोक येतात. रेशनकार्ड, दाखला, अर्ज. हॉस्पिटलनं नाही म्हटलं तर धर्मादाय आयुक्तांकडं तक्रार. गेल्या महिन्यात शेवटच्या गल्लीतल्या मावशीच्या नातवाला खाट मिळाली. चार दिवसांनी मावशी नारळ घेऊन दारात. म्हणाली, तूच आमचा मायबाप, आणि वाकली. मी दोन पावलं मागं सरकलो. म्हटलं, मावशी, कायदा आहे, माझं काही नाही त्यात. ती म्हणाली, कायदा मला कुठं भेटला रे? तू भेटलास.

मी नारळ परत दिला. तिला राग आला. गरिबाचा नारळ चालत नाही का तुला, म्हणाली, आणि उंबऱ्यावर ठेवून निघून गेली. दोन दिवस तो तिथंच होता. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर आईनं तो फोडलेला. एक वाटी मावशीकडं पाठवून दिली होती, दुसरीची चटणी केली होती. मावशीनं त्या वाटीचं काय केलं विचारलं तर आई म्हणाली, चटणीच करणार, दुसरं काय करतात.